मुलाखत म्हणजे आपलीच ओव्हर

काही वर्षांपूर्वी एका खासगी रुग्णालयात परिचारिकांच्या मुलाखती होत्या. निवृत्त मॅट्रन म्हणून मला बाहेरून बोलावलं होतं. सकाळपासून चौदा मुली आणि दोन ब्रदर येऊन गेले. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की प्रत्येकाच्या तोंडून तोच इंग्रजी परिच्छेद बाहेर पडायचा : मी मेहनती आहे, वक्तशीर आहे, सगळ्यांशी जमवून घेते, आणि माझा दोष एवढाच की मला कुणाला नाही म्हणता येत नाही. दुपारपर्यंत तो परिच्छेद मलाही पाठ झाला.

जेवणानंतर पहिली आली ती मराठवाड्यातली, जीएनएम झालेली, दीड वर्ष आयसीयूत काढलेली. तिनंही परिच्छेद सुरू केला. दुसऱ्या वाक्याला अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडखळली आणि गप्प झाली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी विचारलं, “अगं, शेवटची नाईट कधी केलीस?”

“परवा, मॅडम.”

“मग सकाळी पुढच्या शिफ्टला ओव्हर काय दिलीस, तेवढं सांग.”

“बेड नंबर तीन,” ती म्हणाली, आणि आवाजच बदलला. “पासष्ट वर्षांचे आजोबा, न्यूमोनिया, आजचा चौथा दिवस. रात्री दोनला सॅच्युरेशन ८८ वर आलं. बघितलं तर मास्क सरकलेला. नीट बसवला, डोक्याकडची बाजू वर केली, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ऑक्सिजन सहावरून आठ लिटर करायला सांगितला. ते दहा मिनिटांत आले. अडीचला ९३. एबीजी पाठवलाय, रिपोर्ट यायचाय. उजव्या हाताचा कॅन्युला तीन दिवसांचा आहे, जागा जराशी लाल वाटते, ती बघून घ्या. मुलगा बाहेर बसलाय, रात्री काय झालं ते त्याला सांगितलंय.”

ही सगळी ओव्हर तिनं मराठीतच दिली आणि तोवर बोटाभोवतीची ओढणी सुटली होती. तिला घ्यायचं ठरवायला आम्हाला मिनिटभरही लागलं नाही.

त्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर या पुस्तकाची लेखिका बसली होती. एकेकाळी ती माझी विद्यार्थिनी होती, त्या रुग्णालयात तेव्हा इन्चार्ज होती. परिचारिकांसाठी नोकरी आणि मुलाखतीचं मार्गदर्शन मराठीत हवं, हे तिच्या डोक्यात तेव्हापासून होतं. पुस्तक लिहून झाल्यावर ‘मॅडम, प्रस्तावना तुम्हीच लिहायची’ असा तिनं हट्ट धरला. माझं लेखन आयुष्यभर नर्सेस रिपोर्टच्या वहीत झालेलं. तिथं विशेषणं चालत नाहीत. त्यामुळे ही प्रस्तावनाही थोडी कोरडी वाटली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमच्या कामाला बाहेरचे लोक ‘सेवा’ म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्यानं आमचं नुकसानही केलंय. सेवा करणाऱ्या बाईनं पगार विचारायचा नसतो, बढती मागायची नसते आणि मुलाखतीत हसतमुखानं बसायचं असतं, अशी एक समजूत त्या शब्दाच्या आडोशानं घरात आणि दवाखान्यात वाढत गेली. १२ मेला, परिचारिका दिनी, गुलाबाची फुलं मिळतात आणि १३ तारखेला डबल ड्यूटी. लेखिकेनं ‘सेवा’ हा शब्द पुस्तकात फार जपून वापरलाय, हे मला आवडलं. ती ‘काम’ म्हणते.

या कामाची शिडी नवख्या मुलींना कुणी नीट सांगत नाही. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, मग एमएस्सी. शासकीय रुग्णालयात स्टाफ नर्सला अधिपरिचारिका म्हणतात, वॉर्ड सांभाळणारी ती परिसेविका, आणि मॅट्रन म्हणजे अधिसेविका. केंद्र शासनाच्या रुग्णालयांत स्टाफ नर्सचं ‘नर्सिंग ऑफिसर’ झालंय. जाहिरातीत यांतला कुठलाही शब्द येऊ शकतो, आणि ‘अधिपरिचारिका’ म्हणजे कुणीतरी मोठी अधिकारी असणार, असं समजून अर्जच न केलेल्या मुली मी पाहिल्यात.

सरकारी भरतीचं चित्र बदललंय. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदांसाठी २०२० पासून ‘नॉरसेट’ ही एकच सामाईक परीक्षा होते. ती संगणकावर द्यायची असते आणि पुढे मुलाखत नसते. या पदांत ८० टक्के जागा महिलांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी आहेत, त्यामुळे आपल्या ब्रदर मंडळींनी गुणांचा हिशेब वेगळा करायचा. राज्यातही अधिपरिचारिकेच्या नियमित भरतीचा भर परीक्षेवरच असतो. म्हणजे समोरासमोरच्या मुलाखतीचा प्रसंग येतो तो मुख्यतः खासगी रुग्णालयांत, कंत्राटी पदांना, शिक्षिकेच्या जागेसाठी आणि परदेशी जाताना. गंमत अशी की मुलाखतीची सगळ्यात जास्त भीती सरकारी परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींनाच असते.

खासगी रुग्णालयात हल्ली एक लेखी चाचणी, एक हातानं करून दाखवायचं काम आणि मग बोलणं, असा क्रम असतो. बोलण्याच्या भागात इंग्रजीचं भूत बसलेलं आहे. त्यावर लेखिकेनं एक अख्खं प्रकरण खर्च केलंय. माझं मत थोडक्यात सांगते. औषधांची नावं, आजारांची नावं, यंत्रांची नावं आपण रोज इंग्रजीतच बोलतो. ‘पेशंटचं बीपी ड्रॉप झालं, फ्लुइड सुरू केलं’ हे वाक्य मराठी आहे की इंग्रजी, हे वॉर्डात कुणी विचारत नाही. मुलाखतीतही तसंच बोललात तर चालतं. एकही शब्द न समजता पाठ केलेलं इंग्रजी मात्र पहिल्या उपप्रश्नाला उघडं पडतं.

आता प्रश्नांकडे वळते. इन्सुलिनच्या सिरिंजचा प्रश्न मी नेहमी विचारायचे, कारण तो पुस्तकातला कमी आणि ट्रॉलीवरचा जास्त आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बऱ्याचदा ४० युनिट प्रति मिलीच्या असतात, काही १०० युनिटच्या. सिरिंजही दोन तऱ्हेच्या : लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १००ची. समजा १० युनिट द्यायचेत, बाटली ४० ची आहे आणि हाताशी नारिंगी टोपणाची सिरिंज आली. दहाच्या खुणेपर्यंत ओढलं तर गेले किती? चार युनिट. उलट झालं, म्हणजे १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज, तर दहाच्या खुणेला पंचवीस युनिट जातात, आणि मग पहाटे पेशंट घामानं भिजलेला सापडतो. या प्रश्नाला ‘मॅडम, मी आधी बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा वाचून बघते’ एवढं म्हणणारी मुलगी माझ्या हिशेबी पास. गणित नंतर कागदावर करता येतं.

थेंबांचा प्रश्नही त्याच जातीचा. ५०० मिलीचं सलाइन चार तासांत, मिनिटाला किती थेंब? बहुतेक जणी ‘४२’ म्हणतात. उत्तर बरोबर आहे, पण सेट २० थेंबांचा असेल तर. सेट १५ थेंबांचा असला तर ३१. म्हणून चांगली परिचारिका उत्तर देण्याआधी विचारते, “सेट कुठला आहे?” समोर बसलेल्यांना तो उलटा प्रश्न फार आवडतो. आणि पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन शिरेत थेट कधीही द्यायचं नाही, पातळ करून सावकाशच द्यायचं, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. कचऱ्याचे डबेही पाठ हवेत : पिवळ्यात रक्तानं भरलेला कापूस, लालमध्ये आयव्ही सेट आणि ग्लोव्ह्ज, पांढऱ्यात सुया, निळ्यात काच. हे २०१६ च्या नियमांत आहे, आणि ज्या रुग्णालयाला एनएबीएचचं मानांकन आहे किंवा हवं आहे तिथं हा प्रश्न हमखास येतो. सीपीआरचं एवढंच सांगते की ‘तीसास दोन’ म्हणणाऱ्या पुष्कळ, पण खालच्या गादीकडे बघून ‘आधी पाठीखाली फळी घालू का?’ विचारणारी एखादीच.

‘तुमच्या हातून कधी चूक झाली का?’ या प्रश्नाला नव्वद टक्के मुली ‘नाही’ म्हणतात. (टक्केवारी माझ्या अंदाजाची आहे, कुठल्या पाहणीची नव्हे.) मी खोटं बोलणारीला दोष देत नाही. आपल्याकडे चूक कबूल केली की मेमो मिळतो, हे त्या विद्यार्थिनी असल्यापासून बघत आलेल्या असतात. तरी माझी एक चूक सांगते. माझी नोकरी नवीन होती. फीमेल मेडिकल वॉर्ड, नाईट, एकटी मी आणि एक मावशी. एकाच नावाच्या दोन बाया शेजारशेजारच्या खाटांवर. एकीचं लघवी होण्याचं इंजेक्शन मी दुसरीला दिलं. नावानं हाक मारली, तिनं ‘ओ’ दिली, झालं. हात मागे घेताना केस पेपरवरचं आडनाव दिसलं आणि पोटात गोळा आला. डॉक्टरांना उठवलं, त्यांना सांगितलं, दर अर्ध्या तासाला बीपी घेतलं, लघवी मोजली, ज्या बाईचं इंजेक्शन राहिलं होतं तिला दिलं आणि हे सगळं रिपोर्टमध्ये लिहिलं. बाईला काही झालं नाही. सकाळी इन्चार्ज सिस्टरनी सगळ्या वॉर्डासमोर मला फाडून खाल्लं. मग चहाला बोलावून एवढंच म्हणाल्या, “लिहिलंस ते बरं केलंस.” त्या दिवसापासून मी पेशंटला ‘तुम्ही अमुक का?’ असं कधीच विचारलं नाही. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ म्हणते आणि ते कागदाशी ताडून बघते.

मुलाखतीत चूक सांगायची ती अशी : काय झालं, कुणाला कळवलं, पेशंटचं काय झालं आणि त्यानंतर तुमच्या हातांची कुठली सवय बदलली. रडायचं नाही, दुसऱ्यावर ढकलायचं नाही. ज्या रुग्णालयाला असं उत्तर खपत नाही, तिथल्या चुका झाकल्या जातात हे समजून घ्या आणि दुसरीकडे अर्ज करा.

‘एखादा कठीण प्रसंग सांगा’ हाही नेहमीचा प्रश्न. त्याला नाटक लागत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अंजली कुलथे ड्यूटीवर होत्या, वॉर्डात वीस गरोदर बायका होत्या आणि आवारात अतिरेकी शिरले होते. कुलथे यांनी दारं लावून घेतली, बायकांना पॅन्ट्रीत हलवलं, एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला लेबर रूमपर्यंत पोहोचवलं. पुढे त्यांनी त्या अतिरेक्यांपैकी कसाबला ओळखलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर त्या रात्रीबद्दल बोलल्या. दारं लावली, बायका हलवल्या, कळा आलेलीला नेलं : ओव्हर देतात त्याच क्रमानं हे सांगता येतं, आणि एवढ्यानंच अंगावर काटा येतो. तुमच्या वॉर्डातला प्रसंग इतका मोठा नसेल. सांगायची रीत मात्र हीच.

बायकांना विचारले जाणारे काही प्रश्न पुरुषांना विचारले जात नाहीत. लग्न कधी? झालं असेल तर मूल कधी? सासरचे नाईट करू देतील का? माझ्या शेजारी बसून असे प्रश्न विचारणाऱ्यांना मी टेबलाखालून पाय मारलेले आहेत. लेखिका म्हणते, शांतपणे विषय कामावर आणा : ‘रोटेशनप्रमाणे सगळ्या शिफ्ट करीन.’ सल्ला व्यवहारी आहे, मीही तोच दिला असता. पण हा प्रश्न विचारणाराच चुकीचा असतो, हे पुस्तकात अजून ठसठशीत यायला हवं होतं. पोशाखावरची आठ पानं कमी करून ती जागा याला देता आली असती. हे मी तिला फोनवरही सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, “मॅडम, मुली पहिल्यांदा पोशाखाचंच विचारतात.” तेही खरंच.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतात, तेव्हा ‘नो मॅडम, थँक यू’ म्हणून उठू नका. विचारा : एका शिफ्टला एका नर्सकडे किती पेशंट असतात? भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक असं आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी प्रश्न विचारल्यावर समोरचा कसा चुळबुळतो त्यावरून पुष्कळ कळतं. पगाराचंही विचारा. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, २०१६ साली निकाल लागला आणि त्यानंतर नेमलेल्या समितीनं शिफारस केली : ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातसुद्धा महिना २०,००० रुपयांच्या खाली पगार नको, आणि २०० खाटांवरच्या रुग्णालयात राज्य सरकारच्या परिचारिकेइतका हवा. शिफारस कागदावर आहे. निदान आकडा तरी तुमच्या डोक्यात असू द्या.

परदेशाचं प्रकरण पुस्तकात सगळ्यात मोठं आहे आणि ते योग्यच आहे. ब्रिटनला आधी संगणकावरची परीक्षा, तिथं गेल्यावर ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, आणि इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी. अमेरिकेला एनक्लेक्स. जर्मनीला साधारण बी-२ पातळीची जर्मन भाषा. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केल्यापासून आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत जर्मनचे वर्ग निघालेत. आखाती देशांत कागदांची डेटाफ्लो पडताळणी. एजंटकडे जायचंच तर तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का ते आधी बघा. त्याला घेता येणारं सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याच्या वर नाही. लाखाच्या गोष्टी करणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

कागदांच्या पडताळणीत आपल्या मराठी मुली अडकतात त्या मात्र एका घरगुती कारणानं. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव मधे आणि माहेरचं आडनाव. नर्सिंगच्या नोंदणीवरही तेच. लग्न झालं, आधारवर नवऱ्याचं नाव आलं. पासपोर्टवर तिसरंच काहीतरी, कारण फॉर्म भावानं भरला. कुठं शेवटी ‘ताई’ लावलेलं, कुठं ‘बाई’. आपल्याला ती एकच मुलगी दिसते, दुबईतल्या कारकुनाला चार बायका दिसतात. राजपत्रात नावबदल करून घेणं, विवाह नोंदणीचा दाखला काढणं, अनुभवाच्या दाखल्यावरचं नाव दुरुस्त करून घेणं ही कामं महिनोन् महिने खातात. परदेशी जायचा विचार आज नुसता मनात असेल तरी सगळे कागद पलंगावर पसरा आणि नाव अक्षरशः एकच आहे का ते तपासा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीची मुदतही तेव्हाच बघून घ्या. नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, आणि ते विसरलेल्या सिस्टर मी सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावरही पाहिल्यात.

हे पुस्तक सलग वाचायचं नाही. नाईटला दोन ते चारच्या मधे, वॉर्ड शांत असेल तेव्हा, एकेक प्रकरण वाचा. प्रश्नांची उत्तरं पाठ करू नका. दर आठवड्याला आपली एक ओव्हर मैत्रिणीला मोठ्यानं सांगा आणि तिला मधे मधे ‘का?’ विचारायला लावा. ब्रदरनीही वाचावं, पुस्तकभर ‘परिचारिका’ असं स्त्रीलिंगी लिहिलं असलं तरी ते त्यांचंही आहे.

एक गोष्ट लेखिकेनं तळटिपेत टाकलीय, ती मी इथं वर काढते. निवड झाली की काही ठिकाणी ‘मूळ प्रमाणपत्रं आमच्याकडे जमा करा’ म्हणतात. एकदा ती त्यांच्या कपाटात गेली की नोकरी सोडताना बॉण्डचे पैसे मागितले जातात, आणि चांगली नोकरी दाराशी आलेली असताना कागदांअभावी निघून जाते. माझ्या तीन विद्यार्थिनींचं असं झालंय. मूळ कागद दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद मोजून परत पिशवीत घाला आणि मगच खुर्चीवरून उठा.